स्पेन्सर दत्तप्रसाद कोठावळे

संगमनेर
४ जुलै २०२१

चि. दत्तू यास,

आशीर्वाद देते आहे, पण मोजकेच. बाकीचे तुझं उत्तर आल्यावर.

फोनवर बोललं की आपलं भांडण होतं आणि तिकडे सातासमुद्रापलीकडे बाळ उठतं, म्हणून हे पत्र. आमच्या मुलींच्या हॉस्टेलच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करते आहे, तेव्हा प्रत्येक अक्षर पूर्ण विचार करून लिहिलेलं आहे हे लक्षात घे. 'कोठावळे परिवार' हा ग्रुप मी कालच सोडला. अ‍ॅडमिन मी एकटीच होते. आता बसा सगळे पोरके होऊन.

मुद्द्याचं बोलते. काल व्हिडिओवर मी माझ्या एकुलत्या एका भाच्याला डोळे भरून बघत होते. तेवढ्यात कुंपणावरून तुमची ती पांढऱ्या केसांची शेजारीण डोकावली आणि म्हणाली, "हॅलो स्पेन्सर!" मला वाटलं, असेल तिचा कुत्रा. पण तुझा चेहरा असा पडला, की मी काय ते समजले.

अरे, नाव आत्या ठेवते. हा माझा हट्ट नाही, रीत आहे. मी तुला सुरुचीच्या सातव्या महिन्यातच बजावलं होतं, की मी येईन, पाळण्याशी बसेन, कानात नाव सांगेन, तोपर्यंत कोणी काही ठेवायचं नाही. तू म्हणालास, फोनवरून सांग. फोनवरून कुर्रर्र करायला बाळ म्हणजे काय कस्टमर केअर आहे?

आणि ठेवून ठेवलंत काय, तर स्पेन्सर! ते आडनाव आहे ना रे? उद्या आपणही पाळण्यात पोर घालून "कुर्रर्र, सबनीस" म्हणायचं का? "आमचा देशपांडे आता रांगायला लागला हं," असं शेजारी सांगायचं?

दत्तू, मी लग्न केलं नाही, मला पोरंबाळं नाहीत. मला एक भाऊ, त्याला एक मुलगा. त्या मुलाचं नाव ठेवणं एवढं एकच काम या जन्मात माझ्या वाट्याला आलं होतं. तेही तुम्ही परस्पर उरकलंत. मला फार लागलंय.

तुझी (सध्या तरी)
ताई


गिरावीन
७ जुलै २०२१

ताई,

आधी ग्रुपवर परत ये प्लीज. तू गेल्यापासून श्रीनाथकाका रोज सकाळी वीस-वीस गुलाब पाठवतोय आणि त्याला दटावणारं कोणी उरलेलं नाही.

स्पेन्सरबद्दल. हे नाव आम्ही खूप विचार करून निवडलंय. प्रॉपर रिसर्च केलाय. खानदानी इंग्लिश नाव आहे, ग्लोबल आहे, उच्चारायला सोपं. अर्थसुद्धा एकदम रॉयल आहे. तो नंतर सांगतो, आत्ता मीटिंग आहे.

आडनावाचं म्हणशील, तर इथे तीच फॅशन आहे. पॅरामॅटाच्या ऑफिसात माझ्या टीममध्ये टेलर, कूपर, मेसन आणि हंटर आहेत. म्हणजे शिंपी, पिंपं बनवणारा, गवंडी आणि शिकारी. बलुतेदारच भरलेत म्हण ना. टेलरला शर्टाचं बटण लावता येत नाही आणि हंटर व्हीगन आहे, पण नावाला कोणी हसत नाही. ही सगळी आधी आडनावं होती, मग कोणीतरी आईच्या माहेरचं आडनाव मुलाला लावलं आणि सुरू झालं. नो वरीज.

इकडे लॉकडाउन वाढलाय. मी गॅरेजमध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करतोय. यतिन मागच्या खोलीत आहे. तुला आठवतो ना, युनीतला, म्हणजे युनिव्हर्सिटीतला माझा रूममेट? तो अजून आमच्याकडेच भाड्याने राहतो. वेअरहाउसच्या शिफ्टला जातो, येताना डायपर आणतो. तुझी चौकशी करत होता. घाबरूनच करत होता.

तुझा
दत्तू


संगमनेर
१२ जुलै २०२१

चि. दत्तू,

"अर्थ नंतर सांगतो" म्हणालास तेव्हाच ओळखलं, की तुला अर्थ माहीत नाही. शाळेतही तू असंच करायचास. वही घरी राहिली म्हणायचास.

म्हणून मीच शोधायचं ठरवलं. आपल्या गल्लीतले भास्कर सर, रिटायर झाले तरी इंग्रजी सुटलेलं नाही. ते जाडा शब्दकोश घेऊन हॉस्टेलच्या फाटकाशी आले. कोरोनामुळे आत घेता येत नाही, म्हणून ते रस्त्यावर, मी व्हरांड्यात, आणि मध्ये दोन मास्क. ओरडून ओरडून व्युत्पत्ती झाली. अख्ख्या गल्लीला आता स्पेन्सर माहीत आहे. भाजीवाल्याने काल विचारलं, "बाई, स्पेन्सर कसा आहे?"

सरांनी पहिला अर्थ वाचला, तो आखूड कोट. कमरेपर्यंतचा. मी म्हटलं, माझ्या भाच्याचं नाव कोट? तेही अर्ध्या मापाचा? सर म्हणाले, थांबा, हे मूळ नव्हे. मग त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, हा शब्द आणि डिस्पेन्सर हे सख्खे भाऊ आहेत.

डिस्पेन्सर! दत्तू, आमच्या फाटकाशी पायाने दाबायचं सॅनिटायझरचं यंत्र आहे, त्यावर हाच शब्द लिहिलाय. पाय दिला की पचकन हातावर उडतं. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे माझा भाचा? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ऐकलं होतं, हे तर नावातच कथील!

सर पुढचं सांगणार होते, तेवढ्यात त्यांच्या सौंनी वाफारा घ्यायला हाक मारली. त्या बाईंच्या हाकेला शब्दकोश काय, ब्रह्मदेव थांबत नाही. उरलेला अर्थ पुढच्या खेपेला.

तोपर्यंत मला एकाच प्रश्नाचं खरं उत्तर दे. हे नाव कोणी ठेवलं?

ताई


गिरावीन
१३ जुलै २०२१

ताई,

मी सुरुची. दत्ता मीटिंगमध्ये आहे आणि हे पत्र मी त्याला न विचारता लिहितेय.

स्पेन्सर आम्ही निवडलेलं नाही. रिसर्च वगैरे सगळ्या थापा आहेत. झालं असं. हॉस्पिटलमध्ये बेडच्या मागे फळा असतो, त्यावर बाळाचं नाव लिहितात. मिडवाइफने विचारलं, नाव काय? मी तोंड उघडणार एवढ्यात दत्ता मध्ये पडला. म्हणाला, नाव माझी बहीण ठेवणार, ती इंडियात आहे, बॉर्डर उघडली की येईल. मिडवाइफ म्हणाली, "डार्ल, बॉर्डर कधी उघडेल देव जाणे, तोवर आम्ही काय म्हणायचं?" दत्ता म्हणाला, बेबी. ती म्हणाली, या वॉर्डात सगळ्याच बेबी आहेत. मग तिने बाळाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, हा अगदी माझ्या आजोबांसारखा दिसतो, स्पेन्सर. आणि लिहूनच टाकलं.

तेव्हापासून सगळे तेच म्हणतात. हेल्थ नर्स फोनवर विचारते, "हाउज लिटल स्पेन्सर?" शेजारच्या मॉरीनने त्या नावाची टोपी विणली. त्याला खोटं ठरवायला दुसरं काही नावच नव्हतं. ताई, मी बाळाला लाडाने नुसतं 'सोनू' म्हटलं, तर दत्ता म्हणाला, तेही नको, ताई काय ठेवणार माहीत नाही, क्लॅश होईल. एक महिना होत आला, मी माझ्या मुलाला "अहो, ऐकलं का" म्हणून हाक मारतेय. नवऱ्याला मारतात तशी.

त्याने तुम्हाला खरं सांगितलं नाही, कारण एका नर्सने नाव ठेवलं हे ऐकून तुम्हाला जास्त वाईट वाटेल असं त्याला वाटलं. मला वाटतं, खरं ऐकून तुम्हाला बरं वाटेल. तो तुमच्यासाठीच थांबला होता.

ता. क. मॉरीन म्हणाली, इथल्या आज्या थंडीत आतून लोकरीचं बनियन घालतात, त्यालाही स्पेन्सर म्हणतात. तिने अंगातला दाखवायची तयारी दाखवली. मी नो थँक्स म्हटलं.

सुरुची


संगमनेर
२० जुलै २०२१

चि. दत्तू आणि सौ. सुरुची,

दोघांना भरपूर आशीर्वाद. मागचेही यात धरा.

सुरुची, तुझं पत्र वाचलं आणि पदराने चष्मा पुसला. मग चष्म्यावर वाफ आली होती हे मुलींना सांगितलं. दत्तू, गाढवा, खरं सांगितलं असतंस तर मी ग्रुप सोडला असता का? उगाच काकांचे गुलाब वाढले.

आता बातमी ऐका. भास्कर सर पुन्हा आले. उरलेला अर्थ असा. जुन्या काळी इंग्लंडात मोठमोठे सरदार असत. त्यांच्या वाड्यात कोठीघर असे. तिथे धान्य, तूप, मांस, मेणबत्त्या. त्या कोठीच्या किल्ल्या ज्याच्याकडे, रोजचा शिधा जो मोजून काढून देतो, तो स्पेन्सर. आधी ते काम होतं, मग त्याचं आडनाव झालं, आणि पुढे कोणा नातवाला नाव म्हणून लावलं.

वाचून झालं आणि सरांनी शब्दकोश मिटला. मग ते म्हणाले, "मेधाताई, तुमचं आडनाव काय?"

कोठावळे! अरे, कोठीवर असतो तो कोठावळे! काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या मिडवाइफला मराठी येत नाही, आपल्याला इंग्रजी येत नाही, आणि पोराचं नाव झालं कोठावळे कोठावळे. मी व्हरांड्यात इतकी हसले, की वरच्या मजल्यावरून पोरी ऑनलाइन तास सोडून खाली आल्या. मला काही झालं की काय म्हणून एकीने ऑक्सिमीटर बोटाला लावला.

आणि रेंज नाही म्हणून गावी न गेलेल्या या आठ जणींना दीड वर्ष शिधा मोजून कोण घालतंय? हॉस्टेलच्या कोठीच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला आहेत? म्हणजे या घरात खरी स्पेन्सर मी आहे.

पण हुरळून जाऊ नका. याचा अर्थ ते नाव मला पसंत आहे असा नाही. माझ्याकडे एक नाव तयार आहे. ते मी कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते बाळाच्या कानात जाईल. मला तिकडे यायचा मार्ग शोधा.

ताई


गिरावीन
९ ऑगस्ट २०२१

ताई,

मार्ग शोधला. सापडला नाही.

सरकारी खात्याकडे तुझ्यासाठी खास परवानगी मागितली होती. प्रवासाचं कारण या रकान्यात खरं तेच लिहिलं, की बाळाच्या कानात नाव सांगणे. यतिन म्हणाला, मेट, असं लिहू नको, आजारपण लिही. पण नावाच्या कामात मला खोटं नको होतं. उत्तर आलं. नवरा, बायको, मुलं ही जवळची माणसं. बहीण त्यात बसत नाही. खाली असंही लिहिलंय, की कानात सांगण्याचं काम ऑनलाइन करता येईल का, याचा विचार करावा.

मला खूप राग आला. तू मला अंगाखांद्यावर वाढवलंस आणि इकडचा कोणी ठरवतो, की तू जवळची नाहीस.

दुसरी अडचण म्हणजे जन्माची नोंद दोन महिन्यांच्या आत करायची असते. ही मुदत येत्या रविवारी संपते. नावाची जागा रिकामी आहे. ताई, तू सांगशील ते लिहीन. तू स्पष्ट नाही म्हणालीस, तर सुरुची आणि मी स्पेन्सर विसरून जाऊ. सुरुचीला ते आवडायला लागलंय हे खरं, पण तीच म्हणाली, ताईंना विचार.

दत्तू


संगमनेर
११ ऑगस्ट २०२१

दत्तू,

बहीण जवळची नाही म्हणे! त्यांच्याकडे राखी पोचत नाही वाटतं.

ठीक आहे. अडला हरी. रविवारी इथलं झेंडावंदन उरकलं की बारसं करू, फोनवरून. मागे कस्टमर केअर म्हणाले होते ते माझ्या तोंडावर फेकायचं नाही.

पाळणा सजव. घुगऱ्या कर, हरभरे शनिवारीच भिजत घाल. "कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या" म्हणायला बायका लागतील. बाहेरचं कोणी घरात येऊ शकत नाही म्हणतोस, तर यतिनला ओढणी दे. तुझा फोन बाळाच्या उजव्या कानाशी धरायचा. मी नाव सांगेन, ते फक्त त्याला ऐकू जाईल. मग मी सगळ्यांना मोठ्याने सांगेन. मध्ये कोणी बोलायचं नाही.

ताई


गिरावीन
१५ ऑगस्ट २०२१, संध्याकाळ

ताई,

तुझा फोन बंद येतोय. हॉस्टेलचा कोणी उचलत नाही. म्हणून ईमेल. तू ठीक आहेस ना? आम्हाला इकडून जे दिसलं ते सांगतो.

अर्वोला, म्हणजे दुपारी, मागच्या अंगणात पाळणा मांडला. पाळणा म्हणजे प्रॅमच, सुरुचीच्या पैठणीने सजवलेली. यतिन ओढणी घेऊन एका बाजूला, सुरुची दुसऱ्या बाजूला, आणि मॉरीन कुंपणापलीकडे मास्क लावून. ती "कोनी गोविंड घ्या" इतक्या जोरात म्हणत होती, की रस्त्याने जाणारी पोलिसांची गाडी थांबली. दोन कॉन्स्टेबल गेटशी आले. एकाने यतिनकडे बघून विचारलं, "मॅम, तुम्ही या घरात राहता का?" यतिनने ओढणी काढून लायसन्स दाखवलं. मॉरीन ओरडली, बारसं आहे, लव्ह, आत्या लाइनवर आहे, शांत राहा! आणि ते खरंच टोप्या काढून उभे राहिले.

मग तू फोन तोंडाशी धरलास. मी माझा फोन बाळाच्या कानाशी. तू काय म्हणालीस ते फक्त बाळाने ऐकलं आणि तो काही सांगत नाही. मी फोन पुन्हा समोर धरला, तशी मान वर करून तू कुर्रर्र केलंस. मागून तुझ्या आठ पोरींनी आत्याच्या पाठीवर धपाटे घालायची रीत सुरू केली, आणि दीड वर्षाच्या पाणीदार आमटीचा सूडच उगवला असावा, कारण तू पुढे झुकलीस, फोन हातातून उडाला, आम्हाला एकदम खूप हरभरे दिसले, आणि अंधार.

आम्ही दोन तास वाट बघितली. मुदत आज संपत होती. पण ताई, मला कळलं होतं. नाव सांगून तू वर बघितलंस तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. बाबांच्या आठवणीशिवाय कशाने येणार तुझ्या डोळ्यांत पाणी? म्हणून तुझ्या मनातलंच नाव लिहून फॉर्म पाठवून दिला. पद्माकर. बाबा परत घरी आल्यासारखं वाटलं. सुरुचीने काही कुरकुर केली नाही. मॉरीन टोपीवरची अक्षरं उसवायला घेऊन गेली.

तू ठेवलेलंच नाव लागलं, ताई. आता खूश ना?

तुझा
दत्तू


संगमनेर
१७ ऑगस्ट २०२१

दत्तू,

मी ठणठणीत आहे. फोन घुगऱ्यांच्या पातेल्यात गेला, तो आता तांदळाच्या डब्यात वाळतोय. पाठ दुखते आहे. घुगऱ्या मुलींनी तरीही संपवल्या.

पण तू हे काय करून ठेवलंस? पद्माकर? कोणी सांगितलं तुला पद्माकर? बाबा मला प्रिय होतेच, पण त्या नावाने शाळेत पोरं त्यांना काय म्हणायची ते तुला ठाऊक आहे, मला लिहायला लावू नकोस. जन्मभर ते पी. के. अशी सही करत राहिले. आणि तू नातवाच्या गळ्यात तेच बांधलंस!

मी ठरवलेलं नाव राजीव होतं. बाळ होणार कळलं तेव्हापासून मनात घोळवत होते. परवाही तेच सांगणार होते. सुरुवातीला तू फोन बाळासमोर धरलास आणि मी लाडाने हाका मारल्या. बाळा म्हटलं, सोन्या म्हटलं, हळूच राजीवसुद्धा म्हणून बघितलं. तो आपला पैठणीच्या काठाकडे बघत बसला. मग कुंपणावरून ती मॉरीन म्हणाली, "स्पेन्सर!" आणि त्याने मान वळवून सगळी हिरडी दाखवली. दत्तू, मला रडू आलं. मला तिचा हेवा वाटला, स्पष्टच सांगते. ती तिथे आहे, मी नाही. ज्यांनी त्याला न्हाऊमाखू घातलं, टोपी विणली, डायपर आणले, त्यांच्या तोंडी एक नाव बसलं, आणि पोराने ते घेतलं. आता त्याच्याकडून ते काढून घेऊन मला काय मिळणार होतं?

पण आत्याचा मान मी सोडत नाही. नर्सने फळ्यावर लिहिलं म्हणून नाव लागत नाही. शेजारणीने हाक मारली म्हणूनही नाही. आत्याने कानात सांगितलं की लागतं. म्हणून मी फोन तोंडाशी धरला आणि त्याच्या कानात नीट, एकदाच, स्वच्छ सांगितलं, स्पेन्सर.

ते आता झालं. देवब्राह्मणांसमोर नसेल, पण दोन पोलिसांसमोर झालं. तेव्हा उद्या सकाळी त्या खात्याला फोन लाव, चूक झाली म्हणून सांग, लागेल तो फॉर्म भर आणि पद्माकर खोडून ये. मॉरीनला म्हणावं, अक्षरं उसवू नकोस. आणि त्या हॉस्पिटलातल्या मिडवाइफलाही माझ्याकडून कळव, की मुलाचं नाव स्पेन्सर आहे, आणि ते त्याच्या आत्याने ठेवलंय.

ताई